तीनशे सात आणि तीन नंबर

हॉटेलात तिला सगळे ‘तीन नंबर’ म्हणत. तिसऱ्या मजल्यावरची साफसफाई, चादरी, टॉवेल आणि त्या कामावरच्या पाच मुली तिच्या ताब्यात होत्या, म्हणून ती तीन नंबर. दोन नंबर होती, चार नंबरही होती. खरं नाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असे, पण ती पट्टी ऍप्रनच्या बंदाखाली दबून गेलेली. मी तिला तेवीस वर्षं ओळखते. एवढ्या वर्षांत ते नाव मी एकदाच पूर्ण वाचलं, आणि तेही तिच्याशी भांडायला गेले तेव्हा.

आमचे हे लिफ्ट इन्स्पेक्टर होते. शहराच्या ज्या भागात पर्यटक उतरतात, तिथल्या जुन्या हॉटेलांच्या लिफ्ट तपासायला त्यांना वर्षातून दोनदा जावं लागे. ज्या हॉटेलची लिफ्ट आपण तपासायची तिथं मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा नियम. या हॉटेलची लिफ्ट दुसऱ्या इन्स्पेक्टरच्या यादीत होती, म्हणून हे इथं उतरत. उतरता उतरता मुक्काम साठत गेले आणि एक दिवस हॉटेलनं त्यांना मेंबर करून घेतलं. घरी कार्ड आलं, सोबत पत्र. पत्रात लिहिलं होतं की मेंबरला त्याच्या आवडीची खोली राखून ठेवली जाईल, उपलब्धतेनुसार. हे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “या शेवटच्या शब्दाचा दोर कच्चा आहे. याच्या भरवशावर मी तरी कोणाला वर पाठवणार नाही.”

तरी ते निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं दर वर्षी एक आठवडा तिथं जाऊ लागलो, आणि हे असेपर्यंत सतरा वर्षं तो दोर टिकला. दर वर्षी तीनशे सात.

तीनशे सातमध्ये काय होतं, असं मला धाकटी बहीण नेहमी विचारायची. काही नव्हतं. एक पलंग, एक टेबल, वेताची एक खुर्ची आणि खिडकी. खिडकीखाली चौक, चौकापलीकडे धक्का, आणि धक्क्यावरून पर्यटकांच्या बोटी सुटत. पहिली बोट सात दहाला. हे वेताच्या खुर्चीत बसून हातातल्या घड्याळाकडे बघत आणि बोट दोन मिनिटं उशिरा सुटली की समाधानानं मान हलवत, जणू ती चूक त्यांनी पकडली होती. मी टेबलाशी बसून डायरी लिहीत असे. घरी हा माणूस कधी स्वस्थ बसला नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा स्टुलावर चढून काहीतरी उघडून बघायचा. वर्षातल्या त्या सात सकाळीच काय त्या आम्ही एका खोलीत, काहीही न करता, एकत्र बसून काढलेल्या. मला ती खोली हवी असायची ती एवढ्याचसाठी.

तीन नंबरची ओळख पहिल्याच वर्षी झाली. यांचा उजवा गुडघा दुखे, म्हणून झोपताना ते खोलीतली जादा उशी गुडघ्याखाली घेत. दुसऱ्या दिवशी आम्ही फिरून आलो तर पलंगावर, बरोबर त्या जागी, टॉवेलची घट्ट गुंडाळी करून त्यावर उशीची खोळ चढवून ठेवलेली. कोणी सांगितलं नव्हतं. यांनी तिला बाहेर ट्रॉलीपाशी गाठून विचारलं, तर ती म्हणाली, “उशी मऊ पडते काका, खाली दबते. चादरीवरचा खड्डा बघून कळलं.”

“माझ्यापेक्षा बारीक तपासणी करते ही,” असं हे आठवडाभर सांगत फिरले.

मग तिनं एकदा आपल्या चादरींच्या खोलीत नेऊन लाकडी खण उघडून दाखवला. नेहमीच्या पाहुण्यांची एकेकाची पिवळी कार्डं. कोणाला पांघरूण खोचलेलं चालत नाही, कोणाला आरसा झाकलेला हवा, कोण साबण बरोबर घेऊन जातो. आमच्या कार्डावर होतं: गुडघ्याखाली गुंडाळी, काका खिडकीशी, काकू लिहितात, टेबलावरचं आवरू नये. मी आयुष्यभर डायरी लिहीत आले, पण माझ्याबद्दल कोणीतरी लिहून ठेवलंय हे पहिल्यांदाच बघत होते. मला ते आवडलं होतं, हे इथं कबूल केलं पाहिजे.

बाई बुटकी, चालायला चटपटीत, आणि रबरी तळाच्या बुटांमुळे तिची चाहूल लागत नसे. सतराव्या वर्षी ती या हॉटेलच्या धुलाईघरात लागली. तिथं सात वर्षं नुसत्या घड्या घातल्या. ती म्हणायची, झोपेतसुद्धा माझे हात चालायचे, नवऱ्याच्या सदऱ्याची घडी व्हायची आणि सदऱ्यात तो असायचा. नवरा पर्यटकांची बस चालवायचा. पुढं त्याची पाठ गेली आणि तो घरी बसला. घर बसनं एक तास दूर. एक मुलगी, ती लहान मुलांच्या शाळेत शिकवते. चाळीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांचे पलंग घातले, पण स्वतः कुठल्या हॉटेलात एक दिवस राहिली नाही. एकदा मात्र, हे तिनं मला अगदी दबक्या आवाजात सांगितलं होतं, नवीन गाद्या आल्या होत्या आणि कशा आहेत ते बघायला ती तीनशे सातच्या पलंगावर दोन मिनिटं आडवी झाली. जाग आली तेव्हा दोन नंबर दारात उभी होती. दोन नंबरनं ते कधी कोणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर महिनाभर ती भेटली की विचारायची, “काय गं, गादी कशी आहे?”

हे गेले, त्याला आता सात वर्षं होतील. घरीच गेले, दुपारी, वर्तमानपत्र वाचता वाचता. त्यांच्या नावावरची मेंबरगिरी माझ्या नावावर करायला चार पत्रं लागली. मला तिथं एकटीनं जायचं नव्हतं आणि गेल्याशिवाय राहवतही नव्हतं. शेवटी गेले. तीन नंबरनं दार उघडून दिलं, माझ्या दंडाला धरून मला त्या वेताच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली, पायाशी, गालिच्यावर बसली. गणवेशातल्या बाईनं पाहुण्याच्या खोलीत बसायचं नाही असा तिथला नियम आहे. ती चांगली वीस मिनिटं बसली.

त्या दिवशी मी तिला एक गोष्ट सांगितली. पलंगाची डावी बाजू यांची. ते गेल्यापासून मी घरीही उजव्या कडेला झोपते आणि डावीकडची चादर मोडत नाही. कोणी त्या बाजूची चादर ओढून ताणून बसवली की ती मला बघवत नाही. हे मी बहिणीला सांगितलेलं नाही, मुलाला तर नाहीच. तीन नंबर म्हणाली, “बरं काकू.” दुसऱ्या दिवसापासून पलंग घातल्यावर डावीकडची चादर तिनं नेहमी जरा सैल सोडलेली असे, जणू कोणी आताच उठून गेलंय.

पहिली तीन वर्षं अशी गेली. चौथ्या वर्षी मी पोचले तर काउंटरवरच्या मुलानं तीनशे एकोणीसची किल्ली दिली. तीनशे एकोणीस मागच्या बाजूला. खिडकी आहे, पण तिच्यासमोर स्वयंपाकघराचं धुराडं आणि एक भिंत. मी म्हटलं, माझी तर तीनशे सात असते. तेवढ्यात तीन नंबर जिन्यावरून खाली आली, माझी बॅग स्वतः उचलली आणि वर जाता जाता सांगितलं की तीनशे सातच्या न्हाणीघरात भिंतीतला नळ फुटलाय, फरशी उखडून ठेवलीय, प्लंबर येतो आणि जातो. “मलाच तोंड दाखवायला लाज वाटतेय काकू. पण पाण्यापुढं कोणाचं काय चालतं?” मी उलट तिचीच समजूत घातली. तिनं चहा आणून दिला, मुलाची, बहिणीची, माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनची चौकशी केली. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं: ‘तीनशे सातचा नळ फुटला आहे. बिचाऱ्यांची धावपळ.’

पाचव्या वर्षी नळ दुरुस्त झाला होता पण भिंतीला ओल आली होती. सहाव्या वर्षी पुन्हा तोच नळ. डायरीत तीन वर्षं तीन नोंदी आहेत, शाई निळी, अक्षर नीट. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर वही तपासताना म्हणत, डोळ्यांनी पाहिलं असेल तर तसं लिहा, ऐकलं असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहा. साठ वर्षं मी ते पाळलं. या तीन नोंदींत कोणाकडून ऐकलं ते लिहिलेलं नाही. तिनं सांगितलं म्हणजे मी पाहिल्यासारखंच होतं.

आता त्या सहाव्या, म्हणजे मागच्याच वर्षीचं सांगते. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे अजून चालतात पण पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं. घरून निघण्याआधीच मी पत्र पाठवलं होतं की या खेपेला तरी तीनशे सात मिळावी, कदाचित माझी शेवटचीच फेरी असेल. उत्तर छान आलं, ‘आपल्या स्वागतास उत्सुक’. पोचले तर तीनशे एकोणीस. आणि तीन नंबर जिन्यात: “काय सांगू काकू, मेला तो नळ.”

मी म्हटलं, “अगं, हा नळ माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो.” दोघी हसलो. ती जरा जास्तच हसली, हे मला नंतर आठवलं.

चौथ्या दिवशी तिला दुपारनंतर रजा हवी होती, नवऱ्याची पाठ दाखवायची होती. मी पुस्तकांच्या दुकानातून परत आले तर टेबलावर थर्मास आणि त्याखाली चिठ्ठी: ‘काकू, आज मी लवकर जाते. पाणी गरम आहे. संध्याकाळी नवीन मुलगी येईल, तिला दारावर टकटक करायला सांगितलंय.’ तीन नंबरची एक सवय होती. एका बाजूनं कोरा असलेला कागद तिच्यानं टाकवत नसे. छापील कागदांच्या पाठकोऱ्या बाजू कापून, त्यांची चळत करून ती ऍप्रनच्या खिशात ठेवी आणि मुलींना सूचना, धुलाईघराला निरोप, मला चिठ्ठ्या, सगळं त्यांच्यावर लिही. आणि माझी सवय अशी की अशा चिठ्ठ्या मी डायरीत चिकटवते. मी डिंकाची बाटली काढली, बोट बुडवलं आणि डिंक लावायला कागद उलटा केला.

मागं त्या आठवड्याच्या पाहुण्यांची यादी होती. पूर्वीच्या पिवळ्या कार्डांचं आता हे असं झालेलं, रोज सकाळी कॉम्प्युटरमधून छापून मजल्यामजल्यावर वाटायचं. खोलीचा नंबर, पाहुणा कोण, आणि शेवटी ‘टीप’ असा रकाना. कागद अर्धा कापलेला होता, पण मला हव्या त्या दोन्ही ओळी शाबूत होत्या. हव्या होत्या असं तरी कशाला म्हणू?

‘३०७. नवीन मेंबर, पती-पत्नी. मोठ्यानं बोलतात, लगेच मॅनेजरला बोलावतात. खिडकीची खोली दिली.’

‘३१९. जुन्या मेंबर, एकट्या. ३०७ मागतात. नळाचं कारण सांगावं, पटतं. पलंगाची डावी बाजू पतीची, चादर ओढू नये. तक्रार करत नाहीत. चहा आणि चौकशी पुरते.’

टीप कोणाची, याच्यापुढं लिहिलं होतं: तीन.

बोटावरचा डिंक वाळेपर्यंत मी बसून होते. ‘चहा आणि चौकशी पुरते.’ मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, कुठंतरी एखादा शब्द माझ्याकडून चुकीचा वाचला जात असेल म्हणून. मग उठले आणि कॉरिडॉरमधून तीनशे सातपाशी गेले. दार उघडं, ट्रॉली बाहेर, आत नवीन मुलगी न्हाणीघर घासत होती. मी तिला म्हटलं, बाळ, नळ दुरुस्त झाला का गं? ती म्हणाली, कुठला नळ? मी म्हटलं, भिंतीतला, फुटलेला. तिनं नळ पूर्ण सोडून दाखवला. पाणी धो धो आलं. “इथं लागून वर्ष होत आलं मला आजी,” ती म्हणाली, “या खोलीत काय बिघडलेलं नाही बघितलं कधी.” मी तिच्या खांद्यावरून खोलीत पाहिलं. खिडकी उघडी होती. वेताच्या खुर्चीवर कोणाचा तरी ओला पंचा पडला होता.

त्या संध्याकाळी मी जेवायला खाली गेले नाही. मला खोली मिळाली नाही याचं दुःख होतं, पण ते मागं पडलं. डाव्या बाजूची गोष्ट मी एका माणसाला सांगितली होती. ती पाच मुलींना, काउंटरवरच्या मुलाला आणि ज्याला ज्याला तो कागद मिळतो त्या सगळ्यांना ठाऊक होती, आणि नळाचं कारण पटतं या वाक्याच्या शेजारी छापलेली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तोवर नुसतं वाचलं होतं.

सकाळी सातला मी चादरींच्या खोलीत गेले. ती एकटीच होती, टॉवेलच्या घड्या घालत होती. मी कागद तिच्यासमोरच्या चळतीवर ठेवला, छापील बाजू वर करून.

“हे तू लिहिलंस?”

तिनं कागद हातात घेतला नाही. एक नजर टाकली आणि म्हणाली, “मीच.”

तेव्हाच मी पहिल्यांदा तिच्या पट्टीवरचं नाव वाचलं, कारण तिच्या डोळ्यांत बघायला मला जमेना. घड्या घालणं तिनं थांबवलं नव्हतं. हात चालू होते आणि हळूहळू बोलणंही सुरू झालं. नवे मॅनेजर आले त्याला चार वर्षं झाली. आता पाहुणे जायच्या आधी मोबाईलवर शेरा लिहितात. एक वाईट शेरा आला की त्या मजल्याच्या बाईला खाली बोलावतात, आणि बाईच्या हाताखालची एखादी मुलगी महिनाअखेर दिसेनाशी होते. तिच्या मजल्यावर खिडकीच्या खोल्या सहा, मागणारे मेंबर बारा. म्हणून मॅनेजरनं प्रत्येक मजल्याकडून नावं मागितली, जे समजून घेतात त्यांची.

“माझ्या मजल्यावर भांडणारे अकरा होते काकू,” ती म्हणाली. “न भांडणाऱ्या तुम्ही.”

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ही म्हण मला माहीत होती. आपण त्यातले गहू आहोत हे माहीत नव्हतं.

मी विचारलं, “मला खरं सांगायला काय झालं होतं? मी दिली असती खोली.”

“दिलीच असती. हसून दिली असती, आणि मग त्या भिंतीकडे बघत आठवडा काढला असता, की माझ्यापेक्षा दुसऱ्या कोणाला दिली. नळ फुटला म्हटलं की त्यात कोणाचा हात नाही. मला वाटलं, तेवढं तरी सोपं जाईल.”

“आणि डावी बाजू? तीपण माझ्या सोयीसाठी लिहिलीस?”

आता तिचे हात थांबले. ती म्हणाली, तिच्या रजेच्या दिवशी एका मुलीनं चादर घट्ट ताणून बसवली होती, मी त्या दिवशी काही बोलले नव्हते, पण माझा चेहरा तिनं दुसऱ्या दिवशी पाहिला होता. म्हणून लिहिलं. लिहिल्याशिवाय मुलींना कसं कळणार? तिला त्यात चूक दिसत नव्हती. ती खरंच गोंधळून माझ्याकडे बघत होती.

मग ती म्हणाली, “परक्या माणसाशी खोटं बोलायला मला जमलं नसतं. तुम्ही घरच्यासारख्या, म्हणून धजावले.”

हे वाक्य मला कळत होतं. आमच्याकडे यांच्या बाजूचे पाहुणे आले की माझ्या धाकट्या बहिणीचं अंथरूण मी स्वयंपाकघराच्या बोळात घालत असे. ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. घरचं माणूस म्हणजे ज्याला मागची जागा देता येते ते. पण बहिणीला मी बोळात झोपवलं ते सांगून झोपवलं. छत गळतंय असं तिला तीन वर्षं ऐकवलं नाही, आणि वर चहा देऊन तिच्याकडून आभार घेतले नाहीत. मी तिला तसं म्हटलं नाही. “बरं,” एवढंच म्हटलं, कागद उचलला आणि लिफ्टनं खाली गेले.

काउंटरवरचा मुलगा मला बघून हसला. मी म्हटलं, मला आजपासून तीनशे सात हवी. तो म्हणाला, हो आजी, पण तिथं नळाचं जरा…

“नळ उत्तम आहे. मी काल सोडून बघितला.”

मी आवाज चढवला नव्हता. शाळेत आम्हाला तो चढवायला शिकवलेलंच नव्हतं. पण तो मुलगा आत गेला आणि मॅनेजरना घेऊन आला. मॅनेजर चाळिशीचे, कोटाचं बटण लावत आले, मला बसायला खुर्ची दिली, गैरसमज झाला असावा म्हणाले. मग खाली वाकून, अगदी आपुलकीनं त्यांनी विचारलं, “नळाबद्दल आपल्याला नक्की कोणी सांगितलं?”

कागद माझ्या पर्समध्ये होता. तीन नंबरच्या निवृत्तीला बारा महिने राहिले होते, हे तिनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, दिवस मोजून. मी म्हटलं, “कोणी नाही. मी डोळ्यांनी पाहिलं.”

अर्ध्या तासात खोली मिळाली. तिथल्या जोडप्याला वरच्या मजल्यावर आणखी मोठी खिडकी दिली म्हणे. अर्धा तास. तीन वर्षं ज्या खोलीसाठी मी मनाची समजूत घातली होती, ती अर्ध्या तासात देता येत होती, फक्त कोणीतरी काउंटरसमोर उभं राहायला हवं होतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. पण मी मूल नव्हते आणि तिथं कोणी आई नव्हती, एवढं मला आधीच कळायला हवं होतं. टेबलावर मॅनेजरनी फुलं ठेवली होती आणि कार्ड, ‘आमच्या लाडक्या मेंबरसाठी’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेताच्या खुर्चीत बसले. पहिली बोट सात चौदाला सुटली. यांनी मान हलवली असती. मी हलवून पाहिली. पण माझं लक्ष बोटीत नव्हतं, कानात प्राण आणून मी दाराकडे ऐकत होते.

नऊ वाजता टकटक झाली. इतकी वर्षं ती दार किलकिलं करून म्हणायची, “काकू, आहात ना?” या वेळी आवाज आला, “हाउसकीपिंग.” ती आली, बरोबर ती नवीन मुलगी. “नमस्कार मॅडम,” ती म्हणाली. मॅडम. मी नमस्कार केला. तिनं पडदे सरळ केले, फुलांचं पाणी बदललं, टेबलावरचं काही हलवलं नाही. मग पलंगाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहिल्या. तिनं नवी चादर एका झटक्यात उलगडली, चारी कोपरे बसवले, आणि डावीकडची बाजू उजवीसारखीच ताणून, हाताच्या कडेनं तिच्यावरची शेवटची सुरकुतीही काढून टाकली. काम अगदी नियमाप्रमाणे होतं. मुलगी तिच्याकडे बघतच राहिली, मग माझ्याकडे बघितलं. तिनं यादीतली ती ओळ वाचलेली असणार.

“यादीतून ते काढून टाकलंय मॅडम,” तीन नंबर म्हणाली, माझ्याकडे न बघता. “सगळंच काढलंय. आणखी काही हवंय का?”

मला पुष्कळ काही हवं होतं. ती चिडली होती की घाबरली होती, की तिला वाटलं होतं मी हेच मागितलंय, ते मला आजही सांगता येणार नाही. मॅनेजरना मी काय उत्तर दिलं ते तिच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, तेही नाही. मी म्हटलं, “नाही, काही नको.” दोघी गेल्या. चाहूल लागली नाही.

उरलेले दोन दिवस असेच गेले. खोली माझी, खिडकी माझी, दररोज ताजी फुलं. दोन्ही रात्री मी पांघरूण घेऊन पलंगाच्या उजव्या कडेला पडले, आणि पहाटे उठून डावीकडची चादर स्वतःच्या हातानं थोडी सैल केली. स्वतः केली की ती तशी वाटत नाही. निघताना ती खाली आली नाही. माझी बॅग काउंटरवरच्या मुलानं टॅक्सीत ठेवली.

यंदा त्याच आठवड्याच्या आधी तिचा फोन आला. तिनं मला फोन करायची ही पहिलीच वेळ. माझा नंबर तिच्याकडे होता याचंही मला आश्चर्य वाटलं नाही, कुठंतरी लिहिलेला असणार. आवाज बारीक वाटत होता. तिनं सांगितलं की या महिन्याच्या शेवटी ती निवृत्त होतेय, नवऱ्याची पाठ तशीच आहे, मुलीची बदली जवळच्या शाळेत झालीय. मग म्हणाली, “तीनशे सात मी अडवून ठेवलीय काकू. खाली सांगितलं नाही, माझ्याच वहीत. या तुम्ही. मी असेपर्यंत या.”

काकू म्हणाली होती. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. म्हटलं, “अगं, गुडघ्यांनी दगा दिलाय. जिना उतरायलाही मनाई आहे डॉक्टरांची.”

त्या दिवशी सकाळीच मी दोन मैल चालून आले होते.

माझे गुडघे कसे आहेत हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? जिना चढताना मी कठड्याला कुठल्या पायरीवर हात लावते तेसुद्धा तिला माहीत होतं. “बरं काकू,” ती म्हणाली. “जपा. गरम पाण्यानं शेका.” आणि मग मुलाची, बहिणीची, माझ्या डोळ्यांची चौकशी केली. मीही तिच्या नवऱ्याची केली.